वेंगुर्ल्याचा काथ्या, दिल्लीची माती

मुनिरकेच्या एसटीडी बूथवरून मी आईला फोन केला आणि म्हटलं, "आई, मला एक पोतं काथ्या पाठव."

आईने मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "का गं, दिल्लीत भांडी घासायला काही मिळत नाही का?"

"भांडी नाही घासायची. मातीत मिसळायचाय."

"मातीत?" मग तिने रिसीव्हर बाजूला धरून बाबांना हाक मारली. "अहो, ऐकलंत का? तुमची इंजिनीअर तिकडे माती कालवतेय!"

ती काही खोटं बोलत नव्हती. नव्वदीची मधली वर्षं होती ती. मी दिल्लीच्या एका संस्थेत एम.टेक. करत होते आणि माझा विषय होता माती. इमारती आणि रस्ते ज्या मातीवर उभे राहतात ती माती. बाहेर दिल्ली चारही बाजूंनी उतू चालली होती. गुडगावला मोहरीच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उगवत होत्या. विमानतळाच्या पलीकडे द्वारका नावाचं नवं उपनगर आखलं जात होतं, पण बसचे कंडक्टर अजून 'पप्पनकलां, पप्पनकलां' असंच ओरडायचे. ज्याच्या त्याच्या तोंडी सिमेंट, लोखंड, मार्बल, मॉड्युलर किचन. खाली काय आहे ते कोणी विचारत नव्हतं.

आमचे सर विचारायचे. किडकिडीत, शांत माणूस. त्यांच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्यांमधून दिल्लीतल्या ठिकठिकाणची माती भरून ठेवलेली असे. पहिल्याच भेटीत त्यांनी एका बरणीतलं ढेकूळ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "फोड." मला ते फुटेना. मग त्यांनी आपल्या ग्लासातलं थोडं पाणी त्यावर ओतलं. माझ्या तळहातावर बघता बघता चिखल झाला आणि मनगटावरून ओघळू लागला.

"ही माती कोरडी असताना बिस्किटासारखी," सर म्हणाले. "आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाचं काय होतं ते तुला माहीत आहे. आता हिला धरून ठेवायचं कसं, ते शोध."

त्यांच्या डोक्यात होतं ते असं: गवताची मुळं जसा बांध धरून ठेवतात तसं मातीत बारीक तंतू मिसळले, तर ती भाराखाली चटकन पसरणार नाही. तंतू दोन तऱ्हेचे, एक निसर्गातला आणि एक कारखान्यातला. दोन्ही घेऊन बघायचे. कारखान्यातला म्हणजे प्लास्टिकच्या दोरखंडाचा धागा. तो सदर बाजारात मिळाला.

"आणि निसर्गातला कुठला घेणार?" सरांनी विचारलं.

"काथ्या, सर."

"कुठून आणणार?"

"आईकडून," मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

पोतं आलं ते ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर. ते आमच्या वेंगुर्ल्याहून दिल्ली बघायला निघाले होते आणि आईने त्यांच्या बर्थखाली माझं पोतं सारलं होतं. निजामुद्दीन स्टेशनावरून मी ते रिक्षात घालून मुनिरकेला आणलं आणि जिन्यातून वर ओढायला लागले, तशी खालून घरमालकीण ओरडली, "छोरी, यो के सै?"

मुनिरकेत, शहराने वेढलेल्या त्या जुन्या गावात, सगळे तिला 'ताई' म्हणत. त्यांच्याकडे ताई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको, मोठी काकू. माझ्या आईहून चार वर्षांनी मोठ्या, उंच, रुंद खांद्यांच्या बाईला ताई म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची, नंतर सवय झाली. त्यांची शेती कधीच सरकारने घेतली होती, उरलेल्या घरावर आता तीन मजले भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या. त्यात यूपीएससी करणारी मुलं होती, माझ्यासारखी एखादी मुलगी होती आणि तळमजल्यावर, जिथे चौथी खोली निघाली असती तिथे, ताईंची म्हैस होती. म्हशीला बाहेर काढून खोली भाड्याने द्यावी असं त्यांच्या सुना वर्षभर सुचवत होत्या. ताई म्हणायच्या, "भाडेकरू दूध देतो का?"

मी पोतं उघडून काथ्या दाखवला, काय करायचंय तेही सांगितलं. ताईंनी एक बट हातात घेऊन ओढून पाहिली, तुटली नाही.

"यात शिकायचं काय आहे?" त्या म्हणाल्या. "आम्ही भिंत लिंपताना मातीत भुसा घालतोच की. नाही घातला तर भेगा पडतात. सगळ्या गावाला ठाऊक आहे. यासाठी तुला एवढ्या लांबून बोलावलं?"

हे मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मनात थोडी धास्ती होती की माझा विषयच निकालात निघाला. सर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आता त्यांना विचार, किती भुसा घालायचा?"

ताईंचं उत्तर तयार होतं. "भरपूर!"

म्हणून मी काथ्या भरपूर घालून पाहिला. आमची चाचणी सोपी होती. लोखंडी साच्यात माती ठासून भरायची, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग वरून एक दांडा दाबत न्यायचा. तो किती जोराने किती रुततो ते मोजायचं. रस्त्याखालच्या मातीची ताकद अशी कळते. ताईंच्या हिशोबाने घातलेल्या काथ्याचा नमुना साच्यातून काढल्याबरोबर फुसकन सुटला. माती कमी आणि काथ्याच जास्त, मग माती धरणार कोणाला? मी ताईंना सांगितलं तर त्यांना ते पटलं नाही. "तुझी मातीच खोटी असेल," म्हणाल्या.

प्रमाण कमी केलं तेव्हा दुसरंच संकट उभं राहिलं. कापलेले धागे मातीत टाकून ढवळायला लागलं की ते एकमेकांना मिठी मारायचे आणि त्यांचे गोळे व्हायचे. प्लास्टिकच्या धाग्यांचे जास्त, काथ्याचे थोडे कमी. एका साच्यात डिंकाच्या लाडवाएवढे गोळे इकडे आणि नुसती माती तिकडे. मी हाताने सोडवले, काट्याने सोडवले, जुन्या कंगव्याने विंचरले. दोन महिने गेले. प्रयोगशाळेत माझं नाव 'लड्डूवाली मॅडम' पडलं.

ऑक्टोबर संपत आला आणि मुनिरकेच्या गल्लीत पिंजारी आला. दिल्लीत थंडीच्या आधी ते येतात, खांद्यावर ती माणसाहून लांब धनुकली घेऊन. घराघरांतून जुन्या रजया बाहेर येतात आणि दिवसभर गल्लीत टंग् टंग् टंग् चालू असतं. मी खिडकीतून बघत होते. वर्षभर ट्रंकेत दाबून घट्ट झालेला कापूस त्या तातीच्या एकेका झटक्याने मोकळा होऊन ढगासारखा फुलत होता. मी चप्पलही न घालता प्लास्टिकच्या धाग्यांची पिशवी घेऊन खाली धावले.

"चाचा, ये धुन दोगे?"

त्यांनी पिशवीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "बेटी, ये क्या है? ये तो रुई नहीं है."

"प्लास्टिकचा धागा आहे."

"याची रजई कोण पांघरणार?"

"जमीन," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

ते नाहीच म्हणत होते. त्यांची तात आतड्याची, कापसासाठी केलेली. नायलॉनने कापली जाईल म्हणाले. तेवढ्यात ताई बाहेर आल्या. त्यांना माझे लाडू माहीत होते. त्या चाचांना म्हणाल्या, "तीस वर्षं इथे येतोस आणि पोरीचं एक काम होत नाही तुझ्याकडून? बघ, मग आमच्या सहा रजया कोण पिंजतो ते." चाचांनी उसासा टाकला, तात जरा सैल केली आणि मूठभर धागा खाली टाकला.

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्या झटक्याला धागा उडाला. आणि मग उडतच राहिला. कापूस उडून जवळच पडतो. हा धागा हलका, चकचकीत, वाऱ्यावर गल्लीभर पसरला. कोणाच्या वाळत घातलेल्या पापडांवर, कोणाच्या केसांत, यूपीएससीवाल्या मुलांच्या चहात. म्हशीने दारातून मान बाहेर काढली आणि एवढ्या जोरात शिंकली की चाचांच्या हातून धनुकली सुटली. ताई आधी ओरडल्या, मग हसत हसत ओट्यावर बसल्या, त्यांना उठवेना. पण चादरीवर जे उरलं होतं त्यात एकही गाठ नव्हती. एक एक धागा सुटा. मग चाचांनाच ईर्ष्या चढली. "लाओ, वो नारियल वाला भी लाओ," म्हणाले, आणि काथ्याही पिंजून दिला.

प्रयोगशाळेत पंखा लावला की आता पिंजलेला धागा उडायला लागला. पंखा बंद केला तर शेजारचे कुरकुरायचे. शेवटी धागा खाली बसावा म्हणून मी मातीवरच आधी पाणी शिंपडून ठेवलं आणि मग वरून थोडा थोडा धागा टाकत कालवत गेले. उडण्याचा बंदोबस्त करायला गेले आणि हाती भलतंच लागलं: ओल्या मातीने धागे जागच्या जागी धरून ठेवले, गोळे झालेच नाहीत. चार दिवसांनी मी साचा पाण्यातून काढून दांडा दाबला. काटा चढत गेला, चढत गेला. मी दोनदा यंत्र तपासलं. नुसत्या मातीच्या दुपटीहून जास्त! सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हं. अजून पाच वेळा कर." ही त्यांची शाबासकी होती.

मला कामाची खरी जागा मिळाली ती गणपतीच्या पंगतीत. त्या सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला मी गेले होते. माझ्या शेजारी एक निवृत्त काका बसले होते. जन्म दिल्लीतला, नोकरी मंत्रालयातली, मराठी अशी की वाक्य पुण्यात सुरू व्हायचं आणि करोलबागेत संपायचं. ते द्वारकेत उभ्या राहणाऱ्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"तुला सांगतो, बेटा," ते वरणभात कालवत म्हणाले, "इमारत बिल्कुल फर्स्ट क्लास चालली आहे. पण मेन रोडवरून आत यायचा जो रस्ता आहे ना, त्याने नाकात दम आणलाय. पाण्याचा टँकर आला की फसला. विटांचे तुकडे टाकले, तर ते पण गायब! यार, जमीन आहे की काय आहे?"

मी जेवण विसरले. "काका, मी बघायला येऊ का?"

तेव्हा माझे लाडूच चालू होते, म्हणून जाणं लांबलं. नोव्हेंबरात आकडे हाती आल्यावर मी त्यांना फोन केला. ताईंना कळलं की मी पप्पनकलांकडे निघालेय, तर त्या ओढणी सावरून तयारच. त्यांचं माहेर तिथलंच. भाऊ अजून गावात राहत होता, जमीन मात्र नव्या सेक्टरांत गेली होती. दोन बसेस बदलून आम्ही पोचलो. काका पिवळं हेल्मेट घालून उभे होते आणि त्यांच्या शेजारी कंत्राटदार. धिप्पाड, हसतमुख पंजाबी माणूस, पांढऱ्या मारुती व्हॅनला टेकून मुळा खात होता.

ताई बसमधून उतरल्यापासून चहूकडे शोधत होत्या. कुठे काय होतं ते त्यांना ओळखू येत नव्हतं. सगळीकडे खांब, सळ्या, वाळूचे ढीग. त्या दूरच्या एका पिंपळाकडे बघत राहिल्या, मग गावाच्या देवळाचा कळस शोधला, मग पुन्हा पिंपळ. मनातल्या मनात काही जुळवत होत्या. आणि एकदम पायाखाली बघून म्हणाल्या, "अरे, यहाँ तो जोहड़ था!"

जोहड म्हणजे गावतळं. जिथे टँकर फसायचे, बरोबर तिथे.

"माताजी, नकाशात तर काही नाही," कंत्राटदार हसत म्हणाला.

"नकाशाने म्हशी धुतल्या होत्या का इथे?" ताई म्हणाल्या. "मी धुतल्यात. लग्न होईपर्यंत रोज."

दोन दिवसांनी सर स्वतः हातगिरमिट घेऊन आले. मी आणि ते आळीपाळीने गिरमिट फिरवत जमिनीत उतरवू लागलो. वर हातभर भराव, मग विटांचे हरवलेले तुकडे, आणि त्याखाली काळाभोर, तुळतुळीत, वास मारणारा गाळ. तळं बुजवून त्यावर सेक्टर आखला होता. कंत्राटदाराच्या हातातला मुळा तसाच राहिला.

सरांनी ताईंना नमस्कार केला आणि विचारलं, "तळं कुठून कुठपर्यंत होतं, दाखवाल?"

ते दृश्य मी आजही डोळे मिटून बघू शकते. ताईंनी जोडे काढले, ओढणी कमरेला खोचली आणि चालू लागल्या. मधे सिमेंटच्या गोण्या आल्या तर वळसा घातला, पण पुन्हा नेमक्या रेषेवर आल्या. "इथे घाट होता. इथे बायका. इथून उतार. इथे माझ्या भावाचा बैल बुडता बुडता वाचला." आणि त्यांच्या मागोमाग आमचे सर, एवढे नावाजलेले प्राध्यापक, काखेत खुंट्या घेऊन, प्रत्येक ठिकाणी वाकून एकेक ठोकत चाललेले. फेरी पुरी झाली तेव्हा जमिनीवर तळं पुन्हा उमटलं होतं. ताई काठावर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरले. मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "पाणी गोड होतं," आणि मग लगेच कंत्राटदाराला झापलं, "खातोस काय? मोज की!"

फेब्रुवारीत काम काढलं. सरांचा बेत असा: तळ्यावरच्या रस्त्यातला मऊ गाळ दोन हात खोल काढून टाकायचा आणि तळघरासाठी खणलेली तिथलीच माती थराथराने भरून रोलरने दाबायची. वीस पावलं काथ्या मिसळलेली, वीस पावलं प्लास्टिकचा धागा मिसळलेली आणि वीस पावलं नुसतीच माती, म्हणजे तुलना करता येईल. फाटकाजवळचा शेवटचा तुकडा कंत्राटदाराने 'नंतर बघू' म्हणून जुनाच ठेवला. आईला मी आणखी चार पोती काथ्या मागितला. ती आता सरावली होती. "कापून पाठवू की लांब?" एवढंच विचारलं. चाचा या वेळी साइटवरच आले, दोन भाच्यांना घेऊन.

कंत्राटदाराचा यावर काडीचा विश्वास नव्हता. "मिट्टी में नारियल! मॅडम, रस्ता बनाना है या पूजा करानी है?" असं म्हणत त्याने पहिल्या दिवशी खरंच एक नारळ आणून फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. वर नारळाच्या शेंडीचे धागे माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे पण घाला, देवाचं आहे." मी घातले.

कालवायचं काम मजूर बायकांकडे होतं. त्यांची एक म्होरकी होती, बुंदेलखंडातली, ठेंगणी, चपळ. तिला मी समजावलं: आधी पाणी, मग धागा, थोडा थोडा. तिने पदरात धागा घेतला आणि पेरणी करतात तसा मूठ मूठ उधळत चालली. एवढा सारखा पसर मला प्रयोगशाळेत कधी जमला नव्हता. आठ दिवसांत काम उरकलं. मी चुन्याने तीन भाग आखले, वहीत नोंदी केल्या आणि पाऊस पडावा म्हणून रोज आकाशाकडे बघू लागले.

मार्चच्या सुरुवातीला दोन दिवस चांगलाच पाऊस झाला, अगदी गारांसकट. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हजर. काका, त्यांच्या सोसायटीतले सात-आठ सभासद, सर, मी, ताई. कंत्राटदाराने काठोकाठ भरलेला टँकर मागवला होता. ड्रायव्हरला या रस्त्याची ओळख होती. त्याने आधी कानाला हात लावले, मग गिअर टाकला.

काथ्याच्या भागावरून टँकर आला. चाकोरी उमटली, बोटभर. काकांनी टाळ्या वाजवल्या. प्लास्टिकच्या धाग्यावरून आला. तीही बोटभर. आता नुसती माती. मी वही उघडून पेन धरून बसले होते. इथे तो रुतणार होता आणि माझा प्रबंध सिद्ध होणार होता. टँकर आरामात आला आणि आरामात पुढे गेला.

सगळे जल्लोष करत होते. काका कोणाला तरी मिठी मारत होते. एकटी मी रडायच्या बेतात. नुसती मातीही तितकीच टिकली, तर माझ्या धाग्यांनी काय केलं? दोन वर्षं, पाच पोती काथ्या, गल्लीभर उडालेला धागा, सगळं फुकट! ताईंनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडी निघाली ना? मग रडतेस कशाला?"

तेवढ्यात पुढे फाटकाजवळ मोठा आवाज झाला. टँकर त्या जुन्या, राहून गेलेल्या तुकड्यावर पोचला होता आणि मागची चाकं आसापर्यंत चिखलात गेली होती. काकांचा चेहरा पडला. कंत्राटदार ट्रॅक्टरसाठी ओरडू लागला.

सर मात्र कोणाकडे न बघता 'नुसत्या' मातीच्या भागावर उकिडवे बसले होते. "खुरपं दे," म्हणाले. मी दिलं. त्यांनी वीतभर उकरलं आणि चिमटीत धरून काहीतरी वर काढलं. तपकिरी, लांब, ओलं. वेंगुर्ल्याचा काथ्या.

म्होरक्या बाईला बोलावलं. ती पदर सावरत आली, घाबरली नव्हती मुळीच. "हाँ, डाला न," म्हणाली. "बहुत बच गया था. तीन में से दो को मिला, ये बेचारा सूना पड़ा था. अच्छा नहीं लगा." दोन भावांना जेवायला वाढायचं आणि तिसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे त्या बायकांना बघवलं नव्हतं.

मी हसायला लागले, मग सर हसायला लागले. ते असे हसत होते की त्यांचा चष्मा खाली पडला. कंत्राटदाराला कळेना काय झालं. त्याला सांगितलं तेव्हा तो व्हॅनच्या बॉनेटवर हात आपटून हसला. मग एकदम गंभीर होऊन फसलेल्या टँकरकडे बघत म्हणाला, "यानी जहाँ नारियल नहीं पड़ा, वहीं फँसा?"

"वहीं," सर म्हणाले.

"तो मॅडम, गेट पे भी डाल दो. आजच!"

प्रबंधात हे कसं लिहायचं ते मला कळत नव्हतं. तुलनेचा भाग बिघडला हे लपवावं असं एक दिवस मनात आलंही. सरांना विचारलं तर म्हणाले, "झालं तसं लिही. त्या बाईंनी काय केलं तेही लिही. फाटकाजवळच्या जमिनीतला गाळ काढलेला नव्हता, म्हणून ती तुलना अपुरी आहे, हेही लिही." मी तसंच लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना तुम्ही आभारात का नाही घेतलं?" मी पान उलटून दाखवलं. घेतलं होतं. ताईंनाही, चाचांनाही, आणि आईला तर सगळ्यात वर.

काथ्या जमिनीत फार वर्षं टिकत नाही, कुजतो. पण तोवर माती भाराखाली चांगली दबून बसलेली असते. प्लास्टिकचा धागा तसाच राहतो. दोन्हींचे गुण-दोष मी पुढे नोकरीत खूप पाहिले. गुडगावात एका सल्लागार कंपनीत लागले आणि ढासळत्या बांधांपासून टॉवरांच्या वाहनतळांपर्यंत बऱ्याच ठिकाणी धागे कालवले. पण पहिल्यासारखी मजा पुन्हा आली नाही.

सोसायटी दोन वर्षांनी पुरी झाली. काकांनी वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. ताई नवा सलवार-कमीज घालून, डोक्यावर गुलाबी ओढणी घेऊन आल्या. लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नव्हत्या, म्हणून काकांच्या सूनबाई त्यांच्याबरोबर पाच मजले जिना चढल्या. पंगतीत त्यांनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली, अळूची भाजी बाजूला सारली आणि मसालेभात खाऊन म्हणाल्या, "चावल में भी मसाला? तुम लोग चैन से कुछ नहीं खाते."

जेवणं झाल्यावर सूनबाई त्यांना बाल्कनीत घेऊन गेल्या. आम्हीही मागे गेलो. ताईंनी कठड्यावर हात टेकून खाली पाहिलं. नव्याने लावलेली झाडं, पार्किंगच्या रेघा, पाण्याची टाकी. मग त्या एकेक दाखवू लागल्या: तिथे बाजरी, तिथे हरभरा, त्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी विहीर. सूनबाईंची शाळकरी मुलगी बोट नेईल तिकडे बघत होती. तिने हिंदीत विचारलं, "और हमारे घर की जगह पे क्या था?"

ताईंनी बराच विचार केला. पिंपळ पाहिला, कळस पाहिला.

"इथे," त्या म्हणाल्या, "आमचं खळं होतं. इथे आम्ही गव्हाच्या राशी घालायचो. चांगली जागा आहे, छोरी. सुखाने राहा."